समोरच्या खुर्चीतला वाचक

वेलांटीबाई निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, तेव्हा एका सकाळी थोरल्यांच्या घरून त्यांना न्यायला गाडी आली.

वेलांटीबाई हे नाव छापखान्यानं दिलेलं. छत्तीस वर्षं त्यांनी पेपरची मुद्रितं तपासली. कच्चा छापलेला कागद पुढ्यात आला की त्या लाल पेन्सिल घेऊन अशा बसायच्या, की ऱ्हस्वाचं दीर्घ झालेलं एखादं अक्षर त्यांच्या तावडीतून सुटणं मुश्कील. लग्न केलं नव्हतं. धाकट्या बहिणीबरोबर दोन खोल्यांत राहायच्या आणि तिनं लिहिलेल्या किराणामालाच्या यादीतल्याही चुका काढायच्या. बहीण म्हणायची, तुझ्यापुढे चिठ्ठी ठेवायची म्हणजे परीक्षेलाच बसायचं.

थोरले म्हणजे पेपरचे मालक. कापडदुकानामागच्या एका खोलीत, पायानं चालवायच्या यंत्रावर त्यांनी बाजारभावाचं एकपानी पत्रक काढलं तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. साठीला पोहोचले तेव्हा अकरा पेपर त्यांच्या नावावर होते. मंत्री व्हायचं असलेली माणसं त्यांच्या व्हरांड्यात ताटकळत बसायची आणि मंत्रिपद गेलेली मागच्या दारानं यायची. त्यांच्या एका मथळ्यानं गिरणी बंद पडली होती, दुसऱ्या एका मथळ्यानं नदीवर पूल झाला होता. हरवलेली पोरं त्यांच्या पेपरामुळे घरी परतली होती, हेही खरं. शहरात विनोद होता, की थोरल्यांच्या पेपरात पाऊस छापून आला की लोक कोरड्या रस्त्यावरून छत्र्या उघडून चालायला लागतात. आणि एवढ्या वर्षांत या पेपरानं एकदाही दुरुस्ती छापली नव्हती. आपण चुकलो हे आपणच कशाला सांगायचं, असं थोरले म्हणायचे, आणि ते म्हणाले की विषय संपायचा.

त्यांचा मुलगा, ज्याला सगळे धाकटे म्हणायचे, जिन्यापाशी वाट पाहत उभा होता. आता सगळा कारभार त्याच्याकडेच होता. त्यानं चालता चालता सांगितलं, की बाबांची नजर जवळजवळ गेली आहे, आणि त्यांना पहिल्या दिवसापासूनचे सगळे अंक वाचून हवे आहेत. आधीचे दोन वाचणारे आठवडाभरही टिकले नाहीत. बाबा मधूनच काहीतरी विचित्र बोलतात, तिकडे लक्ष देऊ नका.

वरची खोली लांबलचक होती. एका भिंतीला जुन्या अंकांचे बांधीव खंड छातीएवढे रचलेले होते आणि खोलीभर जुन्या कागदाचा आंबूस वास होता. खिडकीजवळ दोन खुर्च्या समोरासमोर होत्या. एकीत थोरले बसले होते. अंगानं निम्मे झालेले, पण पाठ तशीच ताठ. बाई दुसऱ्या खुर्चीकडे वळल्या.

"तिथे नको," थोरले म्हणाले. "तिथे बसलेत."

खुर्ची रिकामी होती. बाईंनी भिंतीपाशी एक स्टूल होतं, ते ओढून घेतलं.

मग थोरल्यांनी, एखादी बातमी तोंडी सांगावी तसं, सगळं सांगितलं. चार महिने झाले, रोज सकाळी दहाच्या सुमाराला एक माणूस येऊन त्या खुर्चीत बसतो. बोलत नाही. पेपर उघडून वाचत बसतो आणि जेवणाच्या वेळेला नसतो. डॉक्टर म्हणाले, नजर जायला लागली की काहीजणांना अशी चित्रं दिसतात, घाबरण्यासारखं काही नाही. थोरल्यांनी मान डोलावली होती आणि डॉक्टरांवर विश्वास ठेवला नव्हता.

"मला तुमचा चेहरा दिसत नाही, बाई. स्वतःचा हात दिसत नाही. पण त्याच्या बाहीचं तुटलेलं बटण मला दिसतं."

"आणि त्याचा चेहरा?"

"तो पेपरच्या मागे. पेपर माझाच आहे. पाठचं पान माझ्याकडे येतं. त्यावर शिवणयंत्राची जाहिरात आहे. यंत्रापाशी एक बाई बसलीय, तिच्या बोटावर अंगुस्तानाची टोपी आहे. तारीख काही दिसत नाही, ती घडीत गेलीय." त्यांनी मान खुर्चीकडे वळवली. "कुठल्या दिवसाचा अंक आहे ते कळलं की तो कोण ते कळेल. कोण ते कळलं की त्याला काय हवंय ते विचारता येईल. आयुष्यभर लोक माझ्याकडे काहीतरी मागायलाच आले. हाही त्यासाठीच आला असणार."

शिवणयंत्राच्या जाहिराती वर्षानुवर्षं येत होत्या, पण अंगुस्तानवाली बाई एकाच वर्षी, तीही दोन-तीन महिनेच आली होती. त्या जाहिरातीचं मुद्रित बाईंनीच तपासलं होतं. ते वर्ष कुठलं हे त्यांना तिथल्या तिथे सांगता आलं असतं. त्यांनी सांगितलं नाही. पहिला खंड उघडला आणि बाजारभावापासून सुरुवात केली.

दोन महिने त्या रोज दहा ते एक वाचत राहिल्या: पहिल्या पानाचा मथळा, आणि थोरले थांबवतील तिथे बातमी. थोरल्यांना सगळं आठवत होतं. एका प्राध्यापकाची नोकरी गेली होती ती बातमी आली, तेव्हा ते म्हणाले, हा नव्हे, हा जाडा होता. एक नटी शहर सोडून गेली होती. तिची बातमी निघाली, तेव्हा म्हणाले, पुढे चला. एका नगराध्यक्षाला त्यांनी सात मथळ्यांत खुर्चीवरून उतरवलं होतं. ते सातही मथळे बाईंच्या आधी त्यांनीच म्हणून दाखवले. पश्चात्ताप नव्हता त्यात, अभिमानही फारसा नव्हता. जुना सुतार आपण केलेली दारं ओळखतो तसं ते माणसं ओळखत होते. मधूनच मान रिकाम्या खुर्चीकडे वळवायचे आणि म्हणायचे, पान उलटलं त्यानं. बाईंना काही ऐकू यायचं नाही, पण वाचता वाचता आपला आवाज नकळत खाली येतो, एखादं माणूस शेजारी वाचत बसलेलं असावं तसा, हे त्यांच्या लक्षात यायला लागलं. घरी बहिणीनं विचारलं, हल्ली बोलताना कुजबुजतेस का. बाई म्हणाल्या, घसा बसलाय.

आणि मग तो खंड आला. अंगुस्तानवाली बाई पाठच्या पानावर दिसायला लागली. बाईंनी काही सांगितलं नाही. एकेक अंक वाचत बाई मनातल्या त्या गुरुवारापर्यंत आल्या आणि दोन पानं एकदम उलटून शुक्रवार वाचायला लागल्या.

"कागद जड वाजला," थोरले म्हणाले. "मागे जा."

बाई मागे गेल्या आणि पहिल्या पानावरचा मथळा त्यांनी वाचला: 'विष पाजणारा हात'.

त्या वर्षी उन्हाळ्यात शहराच्या खालच्या भागातली पोरं आजारी पडली होती. चौदा पोरं गेली. पाण्यातून रोग आला हे उघड होतं. पाणीखात्यातल्या एका रसायनतज्ज्ञानं लाच घेऊन तपासणीचे आकडे खोटे लिहिले, असं बातमीत म्हटलं होतं. त्याचं नाव होतं, आडनावासकट. बाईंनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि थांबल्या.

थोरल्यांनी ते आडनाव दोनदा पुटपुटून पाहिलं. मग म्हणाले, "नाही आठवत मला हा. पुढे चला."

बाईंनी खंड मिटला. नोकरीत छत्तीस वर्षं त्यांनी थोरल्यांपुढे आवाज चढवला नव्हता, आताही चढवला नाही. त्या म्हणाल्या, मला आठवतो.

त्या माणसानं त्याआधीच्या हिवाळ्यात पेपरला तीन पत्रं पाठवली होती. पाणी गाळायची वाळू बदललेली नाही, ठेकेदार दाद देत नाही, वरिष्ठ ऐकत नाहीत, तुम्ही तरी छापा. तिन्ही पत्रं बाईंनी स्वतः तपासली होती. तिन्ही खिळे जुळवून छापायला तयार होती आणि तिन्ही वेळा वरून निरोप आला होता, की जागा नाही. ठेकेदार थोरल्यांच्या रोजच्या बैठकीतला होता. पोरं मरायला लागली तेव्हा कुणाचं तरी नाव लागणारच होतं, आणि ते ठेकेदाराचं लागणार नव्हतं.

हे छापखान्यात चारपाच जणांना ठाऊक होतं. पुढचं बाईंखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं.

"बातमीदारानं घाईत त्याचं आडनाव चुकीचं लिहिलं होतं. अख्ख्या शहरात त्या आडनावाचा माणूस नव्हता. तसंच गेलं असतं तर कुणाला कळलं नसतं कोण ते. मला खटकलं. खात्री करायला मी त्यांच्या घरी फोन लावला. बायकोनं उचलला. मी म्हटलं, पेपरमधून बोलतेय, यजमानांचं नाव छापायचंय, नीट सांगा. तिला वाटलं, पत्र छापताहेत. इतकी हरखली ती. एकेक अक्षर सावकाश सांगितलं, दुसरी वेलांटी दीर्घ हेही सांगितलं, आणि आभार मानले. मी लाल पेन्सिलनं दुरुस्ती केली."

थोरले खुर्चीकडे पाहत होते, रिकाम्या. मग हलकेच म्हणाले, "बरोबर केलंत. नाव चुकलेलं मला आवडायचं नाही."

तेव्हाही, एकतीस वर्षांपूर्वी, ते हेच म्हणाले होते, आणि त्या दिवशी बाई शाबासकी मिळाल्याच्या आनंदात घरी गेल्या होत्या.

बायको नंतर नऊ दिवस पेपरच्या कचेरीत येत राहिली. खालच्या बाकावर पदर सावरून बसायची. तिला एक ओळ हवी होती, बाकी काही नाही. बाई रोज तिच्यासमोरून जिना चढल्या. दहाव्या दिवशी ती आली नाही. त्यांच्या घरावर दगड पडले आणि ते कुटुंब शहर सोडून गेलं, एवढं कानावर आलं.

"काय हवंय त्याला, ते तुम्हाला विचारायचं होतं ना," बाई म्हणाल्या. "एक ओळ हवीय."

दुसऱ्या दिवशी बाई गेल्या तेव्हा थोरले म्हणाले, कागद घ्या. त्यांनी तीन वाक्यं सांगितली. पाणीखात्याच्या रसायनतज्ज्ञांवर आमच्या पत्रानं एकतीस वर्षांपूर्वी केलेला आरोप खोटा होता. त्यांनी धोक्याची सूचना आम्हाला आधीच दिली होती. ती आम्ही छापली नाही. बाईंनी नाव लिहिलं. थोरल्यांनी खाली सही केली. ती ओळीवरून घसरत कागदाबाहेर गेली.

धाकट्यांनी कागद वाचला आणि खिशात ठेवला. जिन्यात बाईंना म्हणाले, एक दुरुस्ती छापली की उद्या दारात रांग लागेल, अकरा पेपरांच्या अकरा रांगा. हे मला बाबांनीच शिकवलंय. पुढचे दोन दिवस सकाळी थोरल्यांनी विचारलं, आलं का? दोन्ही दिवशी बाईंनी नाही म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी थोरल्यांनी मुलाला फोन लावला आणि त्यांच्या जुन्या आवाजात, ज्या आवाजाला संपादक उभे राहायचे, सांगितलं, की उद्याच्या अंकात आलं नाही तर मी स्वतः येऊन कचेरीत बसेन.

पुढच्या सकाळी अंकात ते होतं. पहिल्या पानावर, खाली उजव्या कोपऱ्यात, चौकटीत. बाईंनी दोनदा वाचून दाखवलं. थोरल्यांनी पेपर मागून घेतला आणि त्या कोपऱ्यावरून बोटं फिरवली.

बाई त्या दिवशी गाडी नको म्हणून चालत निघाल्या. घरी बहिणीला दाखवायला एक अंक घ्यावा म्हणून नाक्यावरच्या विक्रेत्यापाशी थांबल्या. पहिलं पान, खाली, उजवा कोपरा. तिथे बुटांची जाहिरात होती. त्यांनी खालचा अंक ओढून पाहिला, मग त्याच्या खालचा. विक्रेता म्हणाला, सगळे सारखेच आहेत हो बाई. त्या पुढच्या नाक्यावर गेल्या, त्याच्या पुढच्या नाक्यावर गेल्या. सगळीकडे बूट होते.

घरी गेल्या आणि न जेवता पडून राहिल्या. ज्या माणसानं ठरवलेलं सारं शहर खरं मानायचं, त्याच्यासाठी त्याच्या मुलानं वेगळा अंक छापला होता. एकाच प्रतीचा. बाईंना राग यायला हवा होता. पण त्यांना भीतीच वाटली.

सकाळी थोरले खुर्चीकडे तोंड करून बसले होते.

"काल छापून आलं. मला वाटलं, आज येणार नाही," ते म्हणाले. "आलाय. तसाच वाचतोय." मग मान न वळवता विचारलं, "बाई, काल वाचलंत ते खरंच छापलेलं होतं?"

"छापलेलं होतं."

"किती?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. म्हातारा माणूस, जायला टेकलेला. "एक," त्या म्हणाल्या. "तुमच्यापुरती."

थोरले ओठांच्या कोपऱ्यात हसले. "यंत्र थांबवायचं, पान बदलायचं, एक प्रत काढून परत पहिलं पान लावायचं. मीही असंच केलं असतं." ते हसू तसंच विरून गेलं. "आता माझं तिथे कुणी ऐकणार नाही. ती प्रत घेऊन जा. ज्यांची आहे त्यांना द्या."

बाई दाराशी पोहोचल्या तेव्हा मागून थोरल्यांचा आवाज आला. ते रिकाम्या खुर्चीशी बोलत होते, आणि त्यांनी त्या माणसाला अहो-जाहो केलं होतं.

एकोणीस दिवसांनी थोरले गेले. सून नंतर सांगत होती, की शेवटी शेवटी त्यांनी त्या खुर्चीशेजारी दिवा ठेवायला लावला होता, तिथे बसलेल्यांना वाचायला अंधार पडतो म्हणून. अकराही पेपरांनी काळ्या चौकटीत आठ-आठ पानं काढली. बाईंनी ती अथपासून इतिपर्यंत वाचली. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

रसायनतज्ज्ञाची बायको कुठे असते ते पाणीखात्यातल्या एका जुन्या कारकुनाकडून कळलं. बसनं दोन तासांवरचं गाव. बाईंनी दार वाजवलं तेव्हा पंच्याहत्तरीची, बारीक अंगाची एक बाई पुढे आली. वेलांटीबाईंनी आपण कोण ते सांगायला सुरुवात केली आणि ती म्हणाली, "फोनवरच्या तुम्हीच. आवाज ओळखला मी."

तिनं आत घेतलं, पाणी दिलं. वेलांटीबाईंनी काही न लपवता सगळं सांगितलं: पत्रं, आडनाव, लाल पेन्सिल. रिकाम्या खुर्चीचं मात्र नाही सांगितलं; ते सांगणं बरं दिसलं नसतं. ती ऐकत राहिली. रडली नाही, चिडलीही नाही. अंक हातात घेऊन चष्मा लावून तिनं चौकट वाचली.

"इथे आल्यावर मिठाच्या कोठारात कारकुनी केली त्यांनी," ती म्हणाली. "सहा वर्षं जगले. रोज सकाळी खुर्चीत बसून तुमचा पेपर पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचायचे. जाहिरातीसुद्धा. मी म्हणायची, सोडा आता. तर म्हणायचे, छापतील गं, कोपऱ्यात कुठेतरी छापतील, नजर चुकायला नको. तोंड दिसायचं नाही पेपरमागे. मी त्यांच्या बोटांशीच बोलायची."

वेलांटीबाईंनी हातातलं भांडं खाली ठेवलं. बाहीच्या बटणाचं विचारायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं. विचारायचा धीर झाला नाही.

"असे किती छापले?" तिनं विचारलं.

वेलांटीबाईंनी सांगितलं. तिनं अंकाची घडी घातली, परत उलगडली. मग म्हणाली, घरात ठेवून काय करू, मी गेले की रद्दीत जाईल. लोक वाचतात तिथे ठेवायला हवा.

दोन दिवसांनी ती बसनं शहरात आली, एकतीस वर्षांनी पहिल्यांदा. दोघी सार्वजनिक वाचनालयात गेल्या. मागच्या दालनात ग्रंथपाल महिन्याचे अंक बांधणीला लावत होता. तिनं आडपडदा न ठेवता सांगितलं, या तारखेच्या तुमच्या अंकात नाही ते आमच्या अंकात आहे. ग्रंथपालानं दोन्ही अंक शेजारी ठेवले. चौकट वाचली, बुटांची जाहिरात पाहिली, पुन्हा चौकट वाचली. तो म्हणाला, नियमाप्रमाणे खंडात एका तारखेची एकच प्रत जाते. मग त्यानं वाचनालयाची प्रत काढून बाजूला टाकली, ही गठ्ठ्यात सरकवली आणि त्या कोपऱ्याला धक्का लागणार नाही अशा बेतानं शिक्का मारला.

दोरीला गाठ पडेपर्यंत ती तिथून हलली नाही.

बसथांब्यापर्यंत दोघी चालत गेल्या. वेलांटीबाईंना माफी मागायची होती. वाक्य त्यांनी मनात चार वेळा तपासलं होतं. बस लागली तेव्हा ती एक पाय पायरीवर ठेवून थांबली.

"माफीबिफीचं काही बोलू नका," ती म्हणाली. "मला जमणार नाही ते. वर्षातून एकदा जाऊन बघत जा, आहे ना तिथे. कुणी फाडला-बिडला तर मला कळवा."

बाई हो म्हणाल्या. पण वर्षभर त्यांना धीर धरवला नाही. पुढच्या सोमवारीच त्या वाचनालयात गेल्या, तो गठ्ठा मागवला आणि पान तिथेच आहे ते पाहून आल्या.